बुरशीवाल्याचं स्थळ

सोम. ४ मार्च ५७, कुरुळी

मामांनी स्थळ आणलं. मुलगा पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात. काय करतो, तर बुरशी वाढवतो. तिचंच इंजेक्शन होतं म्हणे. आईने परात बाजूला सारली. भाकरीवर जरा पांढरं दिसलं की गुरांपुढे टाकणारी बाई ती. "पोटची पोर बुरशीवाल्याला द्यायची व्हय?" विषय संपला. मला कोण विचारतंय! फोटो पाहिला मी. बरा आहे. चांगलाच बरा आहे.

गुरु. ७

मामा कसले ऐकतात. कारखान्याचं छापील माहितीपत्रक घेऊन आले. घरात सातवी पास मी एकटी, वाचलं मी. कामावर आधी अंघोळ, मग धुतलेले कपडे, तोंडाला फडकं, तेव्हा आत प्रवेश. आत्या सावरून बसली. "पारोशानं आत सोडत न्हाईत? मग ती नोकरी न्हाई, पूजा हाय." तासाभरात बुरशीवाल्याचा देवमाणूस झाला. दादा गावभर सांगून आले, माझा जावई रोज अंघोळ करतो. बाकीचं गाव जणू दिवाळीलाच करतं.

शेवटचं पान वाचून दाखवलं नाही. बाटल्या भरायला सातवी पास मुली घेतात, असं आहे त्यात. फाडून ट्रंकेत ठेवलं.

शनि. ९

कशात लक्ष नाही. भाजी दोनदा खारट. बाईने एक तर मास्तरीण व्हावं, नाहीतर संसार करावा, एवढंच ठाऊक होतं. बरी होते. आता डोक्यात मेलं ते पान.

रवि. १०

बघायला आले. आत्याने विचारलं, अंघोळ झाली की कुठल्या देवाचं नाव घेता? म्हणाला, सुपरवायझरचं. दादांनी बुरशीचं काढलं, तर म्हणाला, "ती वाढवणारे साहेब वेगळे. मी टाक्या धुतो." मला आवडलं.

मग पाहुणे मलाच म्हणाले, तुला काही विचारायचंय का. तोंडातून गेलंच, "मुलींचा अर्ज कुठं द्यायचा?"

मामांना ठसका. तो हसला नाही. म्हणाला, "गेटवर."

मंगळ. १२

त्यांचा होकार आला. दादांनी विचारलं, मुलगा पसंत हाय ना? खरं ते सांगितलं. कारखाना पसंत आहे, मुलाचं बघू.

आई तेव्हापासून बोलत नाही. दादांनी धुतलेलं धोतर काढून ठेवलंय, उद्या पहिल्या एसटीने पिंपरीला जाणार. त्यांच्या घरी की गेटवर, विचारायची हिंमत झाली नाही.