भाज्यांवर फोडणी नको

अहो,

मी डब्लिनला, ब्युमॉन्टमध्ये सानिकाकडे निघाले आहे. ती काल बाळाला घेऊन हॉस्पिटलमधून घरी आली आणि हारुकी एकटाच धावपळ करतोय. त्याची आई या कोविडमुळे ओसाकाहून येऊ शकत नाही. म्हणून तिकडच्या पद्धतीच्या भाज्या मी व्हिडिओ बघून शिकले. अर्ध्या डब्यात नेते आहे, अर्ध्या तुमच्यासाठी पातेल्यात आहेत.

गाजर, मुळा, लाल भोपळा, सोया सॉस, जराशी साखर, बस. मंद आचेवर शिजल्यात, आता गार होताना चव आत मुरेल. सारखं झाकण उघडू नका. काल "हे आजाऱ्याचं जेवण आहे" म्हणत तुम्ही वरून मोहरी-हिंगाची फोडणी ओतलीत आणि मला सगळं पुन्हा करावं लागलं. आज आहे तसंच खायचं. भात कुकरमध्ये आहे.

वाटेत इथल्या पोलिसांनी, गार्डांनी अडवलं तर सांगेन, लेक बाळंत झाली आहे. ते सोडतील. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे न जाण्याचा लॉकडाउनचा नियम मला फक्त तुम्ही ऐकवताय. सानिका-हारुकीच्या लग्नाच्या वेळी तर असा कुठलाच नियम नव्हता, तरी तुम्ही घरीच बसलात.

महिनाभर राहीन. विचारत नाहीये, सांगते आहे. बीपीची गोळी चुकवू नका.

गाडी मी नेली आहे, पण ॲथलोनहून डब्लिनची ट्रेन सुरू आहे. दार हारुकी उघडेल. नमस्कार आधी तुम्ही करायचा.

प्रमोदिनी