कळकट

३ नोव्हें., सोम.
गादीच्या खोळीला आणलेला मांजरपाट लेकीने पळवला. पाच मीटर, करोल बागेतून मी उचलून आणलेला. बाल्कनीत दोरीवर टांगलाय. म्हणते, जानेवारीपर्यंत हात लावायचा नाही, दिल्लीची हवा त्यावर काय काढते ते बघायचंय. चित्रकलेचं शेवटचं वर्ष, त्यातलं हे काम. म्हटलं, हवा काढणार, मग सायले तू काय करणार? कानात वायरी.

१९ नोव्हें., बुध.
बाहेर धूर. खिडक्या बंद. ह्यांचा भोपाळहून फोन. बदली होऊन वर्ष झालं, विचारतात तेच, गॅस आला का. आला. संपलं. दिवसभरात मी मराठीत एवढंच बोलले. सा. कॉलेजातून येते, खोलीत जाते. ही वही तिचीच, मागची पानं कोरी होती. म्हणाली यात लिही, माझं डोकं खाऊ नको.

७ डिसें., रवि.
कापड राखाडी झालं. शेजारची भल्ला रोज विचारते, दीदी, चादर भूल गई क्या. सा.ला म्हटलं, कळकट दिसतंय, मला लाज वाटते. तिने वायर काढली.
"कळकट म्हणजे? काळं?"
"काळं नव्हे. काळं चांगलं असतं. लाइटच्या बटणाभोवती भिंतीला असतं बघ, ते. रोज बघायचं आणि रोज राहू द्यायचं."
तिने पेन्सिलीने तो शब्द भिंतीवरच लिहिला. घरमालकाला मी तोंड द्यायचं.

१६ जाने., शुक्र.
रविवारी हळदीकुंकू. इथल्या द्वारका वस्तीतल्या आपल्या मराठी बायका येणार, बारा तरी. वर्षातून एकदा घरात माणसं. आणि हॉलमध्ये बसलं की समोर ते लक्तर. सकाळी सा. गेली आणि मी ओढलं. साबण, ब्रश, तीनदा खळबळलं. पाणी शाईसारखं. दुपारपर्यंत वाळलं. घडी घालून तिच्या पलंगावर ठेवलं. वाटलं, खूश होईल.
नाही, खोटं लिहिलं. तसं वाटलं नव्हतं. मला ते बघवत नव्हतं, बस.

तीच ता., संध्या.
आली. बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. कापडाचा वास घेतला.
"आई, अडीच महिने."
मग विचारलं, पाणी कुठंय. इथे नळाचा भरवसा नाही, धुण्याचं पाणी मी संडासाला ठेवते. दोन बादल्यांतली एक संपली होती. दुसरी उचलून खोलीत नेली. दार लावलं.

१८ जाने., रवि.
बायका आल्या, वाण घेतलं, गेल्या. लेक कुठे? झोपलीय म्हटलं. झोपली नव्हती. बारा जणींना गोड बोला म्हटलं, जिला म्हणायचं ती दाराआड. वाटीत तिळगूळ घालून उंबऱ्याशी ठेवला.

२१ जाने.
वाटी रिकामी. बादलीच्या तळाला गाळ बसलाय तो सा. चमच्याने काढते. माझा पोह्यांचा चमचा.

२४ जाने., शनि.
तिच्या कॉलेजात प्रदर्शन. "यायचं तर ये." गेले. मेट्रोत दोघी शेजारी बसलो.
तेच कापड. पांढरं, माझ्या घड्यांच्या रेघा तशाच. त्यावर बादलीतल्या गाळाने काढलेले दोन हात, कापड पिळणारे. बोटं उगाच जाड केलीत. डाव्या अंगठ्याचं नख फुटकं, माझं आहे तसं. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या इंग्रजीत, हिच्या खाली एकच शब्द, कळकट. तिचे सर हात जोडून म्हणाले, बहुत बढ़िया. मला का म्हणाले कोण जाणे.
परत येताना मीच म्हटलं, हात बरे जमलेत.
"सगळ्यांना आवडलं. पण मला ते कापड हवं होतं, आई. हे नव्हे."
पुढच्या स्टेशनला गर्दी चढली. ती उभी राहिली, एका बाईला जागा दिली. मग माझ्या शेजारी ती बाई.

२ फेब्रु., सोम.
सा. बडोद्याला गेली. कॉलेजातर्फे चित्रांचं काम करायला जागा मिळालीय, दोन महिने. जमलं तर तिथेच राहीन म्हणाली. सोबत फक्त कपडे आणि रंग. भिंतीवरचा शब्द पुसायला फडकं ओलं केलं. मग त्याच फडक्याने ओटा पुसला.

५ फेब्रु.
करोल बाग. मांजरपाट, पाच मीटर. दुकानदार म्हणाला, गद्दे के लिए? हो म्हटलं. घरी येऊन दोरीवर टांगला. तिला फोन केला, टांगलाय म्हणून. म्हणाली,
"आता हवा साफ होत जाते, आई. उन्हाळ्यात काही धरत नाही."
"धरेल. मला कुठे घाई आहे?"
हसली की खोकली कळलं नाही. परत कधी येणार विचारलं. बघू.

११ फेब्रु., बुध.
भल्ला आली, दीदी, चादर. रहने दो म्हटलं. दार जरा जोरातच लागलं.
वाऱ्याने एक चिमटा सुटला होता, लावला. कोपऱ्यावर कबुतराने घाण केलीय. हात शिवशिवले.
झटकलं नाही.