एकहाती गाडी

४ जानेवारी

आलं! कंपनीचं उत्तर आलं! आपली गाडी 'एकहाती'च्या यादीत घेतली आहे. फक्त एकदा तपासणी होणार. होऊ दे की! सोन्याला कसली भीती?

कंपनीला यंदा शंभर वर्षं होताहेत. मार्चमध्ये कारखान्याच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं संमेलन आहे. शेकड्यांनी गाड्या येतील, पण एकहाती मोजक्याच. पहिल्या दिवसापासून जी गाडी एकाच माणसाने चालवली, जिच्या स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात लागला नाही, ती एकहाती. तिच्या डॅशबोर्डवर कंपनी पितळी पट्टी बसवते आणि पट्टीवर नाव कोरते — मालकाचं नाही, चालवणाऱ्याचं! कंपनीची ही रीत मला फार आवडते. विकत काय, कोणीही घेईल. हात कोणाचा, ते महत्त्वाचं.

बायकोला सांगितलं. भाजी चिरत होती. "बरं," म्हणाली. नुसतं बरं! एवढ्या मोठ्या बातमीला काय म्हणायचं, ते तिला सुचलं नसेल.

७ जानेवारी

शेजारच्या वकिलाला मुद्दाम फाटकापाशी गाठलं. त्याच्याकडेही याच कंपनीची गाडी आहे — नवी कोरी, पण ड्रायव्हर दर वर्षी बदलतो. एकहातीचं सांगितलं तर चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. पोटात दुखलं असणार. दुखू दे.

१२ जानेवारी

आज सकाळभर गाडीपाशीच होतो. बॉनेटवरचा चांदीचा करकोचा मऊ कापडाने पुसला. दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. तो आवाज! जाड पुस्तक मिटावं तसा. तीस वर्षांत फरक नाही. मुलगा चष्म्याच्या दुकानात जायला निघाला होता. "बाबा, आत बसायचंय का बाहेर, एकदा ठरवा," म्हणाला. त्याला काय कळणार!

जहाजावर चीफ इंजिनियर झालो त्या वर्षी ही घेतली. ताबा घ्यायला कारखान्यात बोलावलं होतं. जिने सीटचं कातडं शिवलं ती बाई, ज्याने रंग दिला तो म्हातारा, दोघांनी माझ्याशी हात मिळवला. "आता तुमच्या हाती," म्हातारा म्हणाला. मी वाकून त्याच्या पाया पडलो. लग्नात सासऱ्यांच्याही पडलो नव्हतो! (हे बायकोच्या हाती लागलं तर माझी खैर नाही.)

आणि निष्ठा बघा. मी सहा-सहा महिने समुद्रावर. परत आलो की कव्हर काढायचं, किल्ली फिरवायची — पहिल्या फटक्यात सुरू! दर वेळी! इतरांच्या गाड्या महिनाभर उभ्या राहिल्या की बॅटरी मान टाकते. जहाजावर सगळ्यांना ऐकवायचो — याला म्हणतात घराणं! घडवणारे हातच तसे. मी सुरू करायचो तेव्हा बायको दारात उभी राहून हसायची. तिलाही कौतुक.

१९ जानेवारी

कव्हर धुतलं. स्वतः. दुसऱ्यावर विश्वास नाही.

२६ जानेवारी

तपासणी झाली. लिहितो कसाबसा.

कंपनीच्या वारसा विभागाची तपासनीस आली. तिशीची पोरगी, पांढरे हातमोजे, बोलणं मोजकं. इंजिन ऐकलं — "छान." रंग बघितला — "छान." माझी छाती फुगत चाललेली. मग ती ड्रायव्हरच्या सीटखाली वाकली, टॉर्च लावला, आणि वाकलेलीच राहिली.

"सर, उंची किती तुमची?"

सांगितली. सहा फूट. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

"मग सीट कायम सगळ्यात मागे असणार."

"अर्थात."

तिने मला खाली वाकवलं. सीट पुढे-मागे सरकते त्या पट्टीला खाचा असतात. सीट ज्या खाचेत अडकते, ती खाच झिजते. सगळ्यात मागची झिजलेली — ती माझी. पण पुढून तिसरी? तीही झिजलेली! गुळगुळीत!

"ही तुमच्या खाचेपेक्षा जास्त झिजली आहे," पोरगी शांतपणे म्हणाली. "कोणीतरी बुटकं माणूस ही गाडी वर्षानुवर्षं चालवत आलंय."

मी ओरडलो. अशक्य म्हणालो. माझ्याच अंगणात येऊन मला खोटं ठरवता म्हणालो. ती रागावली नाही. "घरात विचारून बघा. आठवड्याने फोन करते," म्हणाली आणि हातमोजे काढून गेली. चहालासुद्धा थांबली नाही.

बायकोने तिच्यासाठी काढलेला कप परत फडताळात ठेवला.

२७ जानेवारी

गाडीला कोणीतरी हात लावला आहे. माझ्या! गाडीला! मी शोधून काढणार. तीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली आहेत, तेल कुठून गळतं ते नुसत्या वासावरून सांगायचो. हा चोर सापडायला किती वेळ लागतो?

जेवताना मापाची टेप काढली. मुलाचे पाय मोजले — माझ्याएवढेच लांब. तो सुटला. गाडी धुणाऱ्याला सकाळीच बोलावून मोजला होता. तोही सुटला. बिचारा घाबरून पाण्याची बादली इथेच ठेवून गेला.

"बाबा, आईचे पण मोजा ना," मुलगा म्हणाला.

बायकोला ठसका लागला. मी टेप गुंडाळली. घरावर एवढा प्रसंग आणि याला थट्टा सुचते! जी बाई शेजारच्या सीटवर पर्स छातीशी धरून "अहो, हळू" याशिवाय काही बोलत नाही, तिचे पाय काय मोजायचे?

२८ जानेवारी

वकील बुटका आहे!!

२९ जानेवारी

वकिलाकडे गेलो. सरळ विचारलं. आधी तो हसला, इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अहो, माझी असताना मी तुमची कशाला पळवू?"

मग जरा गंभीर झाला. म्हणाला, "पण तुम्ही बोटीवर असताना गाडी बाहेर पडलेली मी बघितली आहे. एकदा नाही, कित्येकदा. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"कोण होतं?"

"मी वकील आहे. दुसऱ्याच्या घरातली साक्ष मी देत नाही. घरी जा आणि नीट, आवाज न चढवता विचारा."

घरी आलो. बायको इस्त्री करत होती. आवाज चढवायचा नाही म्हणून आधी पाणी प्यायलो. मी तोंड उघडायच्या आतच तिने माझ्या शर्टाची कॉलर उलटली आणि म्हणाली —

"मी चालवायचे."

३० जानेवारी

काल पुढे लिहवलं नाही.

आधी वाटलं थट्टा करते आहे. मग एकेक विचारत गेलो आणि ती इस्त्री करत करत सांगत गेली, जसं काही वाण्याकडून काय आणलं ते सांगतेय.

गाडी चालवता कशी आली? लग्नाआधी तिच्या वडिलांच्या बेकरीची व्हॅन अंगणात मागे-पुढे करायची, तेवढं येत होतं. बाकीचं नंतर शिकली. लायसन्स? काढलं की. कपाटात, साड्यांच्या घडीखाली आहे. पेट्रोल? "तुम्ही जाताना काटा जिथे असायचा तिथपर्यंत भरून ठेवायचे." सीट? "तुम्ही यायच्या आदल्या दिवशी मागे ढकलायची, कट्ट वाजेपर्यंत." आरसा? "तोही." आणि किलोमीटर? चीफ इंजिनियरच्या नजरेतून किलोमीटर कसे सुटले?

"तुम्ही रजेवर आलात की आकडे बघायचेच नाहीत. म्हणायचात, बोटीवर दिवसभर तेच बघतो."

खरं आहे. म्हणायचो.

आणि बॅटरी! पहिल्या फटक्यात सुरू होणारी माझी गाडी! इंजिनात हयात घालवलेल्या माणसाला कळू नये की सहा महिने उभी राहिलेली कुठलीच गाडी, कोणत्याही घराण्याची असो, अशी सुरू होत नाही? बोटीवर कोणी मला हे सांगितलं असतं तर त्याला मी वेड्यात काढलं असतं. अक्कल गहाण ठेवली होती मी. त्या करकोच्यापाशी!

"पण का?" मी विचारलं.

तिने इस्त्री उभी केली. "उभी राहून खराब झाली असती ना," म्हणाली.

२ फेब्रुवारी

तीन दिवस फुगून बसलो होतो. आज उतरलो.

विचार केला तर काय आहे? एखाद्याची बायको नवऱ्याची गाडी गंजू देते. माझ्या बायकोने मी नसताना ती सांभाळली, फिरवली, आणि एका शब्दाने मिरवलं नाही. हीसुद्धा वारशाची जपणूकच! कातडं शिवणारी बाई, रंग देणारा म्हातारा, आणि त्यांच्या रांगेत ही. कंपनीला अशी माणसं शोधून सापडणार नाहीत.

तपासनीस पोरीचा फोन आला. सगळं सांगून टाकलं, स्वतःहून. एकहातीतून नाव गेलं. पण ती पोरगी खूश झाली! साध्या गाड्यांच्या मिरवणुकीत यायचंच म्हणाली, "आणि चालवणारे दोघेही या." पट्टी गेली खड्ड्यात! वकिलालाही मीच सांगितलं. त्याच्याकडून ऐकून घेण्यापेक्षा बरं.

१५ फेब्रुवारी

आज तिला किल्ली दिली. "चालव," म्हटलं. मी रिटायर झाल्यापासून तिने हात लावला नव्हता. सहा वर्षं! बसली, सीट पुढे घेतली — तिसरी खाच, न बघता! — आणि निघाली.

काय चालवते! गिअर बदललेला कळत नाही. बाजारामागच्या गल्लीत दोन टेम्पोंच्या मधे अशी लावली, की मला जमलं नसतं. हे मी तिला सांगितलं नाही. "बरी लावलीस," म्हटलं. ती नुसती हसली. मी पूर्ण वेळ दाराचा दांडा धरून बसलो होतो, ते मात्र तिने बघितलं.

१ मार्च

ठरलं. मैदानावर आत जाताना ती चालवणार, बाहेर येताना मी. नवा कोट शिवला. तिनेही नवी साडी घेतली. मुलगा म्हणतो, लग्नाला निघाल्यासारखे दिसता.

८ मार्च

संमेलन झालं. काय ते मैदान! काय त्या गाड्या! शंभर वर्षं एका ओळीत उभी! एकहाती फक्त चारच निघाल्या. मला जराही वाईट वाटलं नाही. (थोडं वाटलं.)

आमची गाडी आत आली तेव्हा लोक वाकून बघत होते. स्टिअरिंगवर ती, शेजारी मी. माझा हात आपोआप वर गेला, राजासारखा. मुलगा दोरीच्या पलीकडून फोटो काढत होता.

मंचासमोर गाडी थांबवायची पद्धत आहे. निवेदक माइक घेऊन जवळ येतो आणि चालवणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: ही गाडी घेऊन एकट्याने पहिल्यांदा कुठे गेलात? कोणी म्हणतं सासुरवाडीला, कोणी म्हणतं मैत्रिणीकडे, लोक हसतात. आधी माझ्यापुढे माइक आला. मी तयारीतच होतो. "बंदरावर! आमच्या कॅप्टनला जळवायला!" मोठा हशा. टाळ्या.

मग तिच्यापुढे.

"दवाखान्यात," ती म्हणाली.

निवेदकाने माइक आणखी जवळ धरला.

"मुलगा पाच वर्षांचा होता. दम्याने श्वास अडकला, ओठ निळे पडले. टॅक्सीवाल्यांचा संप होता. दारात ही उभी होती."

एवढंच. मग टाळ्या झाल्या, खूप वेळ. मुलगा दोरीपलीकडे खाली मान घालून उभा होता. त्याला ठाऊक होतं. मला नव्हतं. मुलगा जाता जाता वाचला आणि मला, त्याच्या बापाला, हे मैदानावर माइकमधून कळलं.

परत येताना चालवायची पाळी माझी होती. मला जमलं नाही. तिनेच आणली.

९ मार्च

सकाळी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

म्हणाली, "सांगणारच होते. तिसऱ्या दिवशी तुमचा बंदरावरून फोन आला. हॅलोसुद्धा म्हणाला नाहीत. म्हणालात, गाडीवर कव्हर घातलंय ना? मी म्हटलं, हो, घातलंय."

मला तो फोन आठवतसुद्धा नाही.