तळाचा ‘र’

अंबड, मंगळवार संध्याकाळ

या हातांनी केलेलं: पत्रा दाबून आकार देणारे पंधरा प्रेस डाय, भोकं नेमकी पाडायला एक ड्रिल जिग, भंगारातून उठवलेला लेथ. शिकवलं कुणी नाही. प्रत्येक डायच्या तळाला पंचने ठोकलेला ‘र’ आहे, रमेशचा.

आज माझी शेड विकत घेऊ पाहणाऱ्या परदेशी कंपनीचे जोशी आले. एका डायच्या तळावरून बोट फिरवत म्हणाले, “रमेशभाऊ, हे अक्षर घासून काढा. शेड आमची झाली की डायवर फक्त आमचा नंबर.”

शेजारच्या शिंदेने त्यांना आपली शेड आधीच विकली. मशिनं दुप्पट झाली, गल्लीला काम मिळालं, ते खोटं कसं म्हणू? पण वीस वर्षं आम्ही एकमेकांचं ग्राइंडर न विचारता वापरलं. काल शाफ्ट घासायला घेऊन गेलो, तर म्हणतो, “भाऊ, आता मेल टाकून विचारावं लागतं.” त्यानेच स्वतः उभारलेल्या शेडमध्ये.

मालती म्हणाली, “अहो, एका अक्षरापायी?”

अक्षरापायी नव्हे गं. की अक्षरापायीच? आणि तो ‘र’ अर्धा मिलिमीटर तिरका बसलाय, हे आजच दिसावं?

जोशींना नाही म्हणून सांगितलं. टूलरूमचा हेड करणार होते मला, आणि शेड, मशिनं, डाय मिळून एक कोटी चाळीस लाख.