गुरुवारचा तास कोणाच्या नावे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण सहावी पास, पूर्वी परिचारिका प्रशिक्षण शाळेच्या शरीररचना खोलीत परिचर, आता पेन्शनर, शाळेत सगळीकडे 'हाडवाले काका' म्हणून ओळखला जाणारा, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट घरातले सगळे नको म्हणत होते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी 'मात्र गृहस्थ फार काळजी करतात' असे जास्तीचे वाक्य घातले आहे. ते खोडता येत नाही असे वकीलबाई म्हणाल्या.

आत्ताच लिहिण्याचे कारण असे की येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात धोका थोड्यांनाच असतो. त्या थोड्यांत आपण असणार असे मला जन्मभर वाटत आले आहे.

मरणाची भीती वाटते, खोटे कशाला बोलू. पण त्याहून मोठी काळजी गुरुवारच्या तासाची आहे. शाळेत दर गुरुवारी दुपारी दोन वाजता 'बातमीचा तास' होतो. त्या आठवड्यात वर्तमानपत्रात आलेली आजाराची, ऑपरेशनची किंवा औषधाची एक बातमी घ्यायची आणि तिच्यावरून शरीर शिकवायचे. तीस वर्षे हा तास मी घेत आलो, निवृत्त झाल्यावरही. प्राचार्यबाईंनी मला समोर बसवून सांगितले की घेणारे माणूस असेल तोवर तास राहील, नसेल तर त्या वेळेला संगणकाचा तास बसेल. घरादाराला वारस आपोआप मिळतो, तासाला नेमावा लागतो. तो मी खाली कलम सातमध्ये नेमला आहे. आधी बाकीचे उरकतो, म्हणजे तिथे निवांत लिहिता येईल.

कलम १. राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर व गॅलरी, माझ्यामागे माझ्या पत्नीचे. तिच्या हयातीत ते विकू नये, आणि 'आई, तू आमच्याकडे चल' असे म्हणून तिला हलवू नये. जायचे असेल तर ती स्वतः बोलेल. मनात ठेवून गप्प बसणाऱ्यांतली ती नाही. तिच्यानंतर मुलगा व मुलगी यांना सारखे. जिन्याला कठडा लावायचा राहिला आहे, तो मुलाने लावावा. मी सुखरूप घरी आलो तरी लावावा.

कलम २. बँकेत जे असेल ते पत्नीचे. पासबुक कुठे आहे ते तिलाच माहीत आहे, मला नाही.

कलम ३. रक्तदाब मोजायचे यंत्र जावईबापूंना. ते घरात पाऊल टाकताच विचारत, "बाबा, आज कोणता आजार?" सगळे हसत, मीही हसत असे. माझा राग नाही. पण जेवण झाल्यावर त्यांचे कान लाल होतात हे मी चार वर्षे बघतो आहे. यंत्र त्यांनी रोज सकाळी वापरावे आणि आकडे मुलीला दाखवावेत.

कलम ४. बारीक पक्कड, हाताने फिरवायचे ड्रिल व पितळी तारेचे वेटोळे शाळेतल्या आताच्या परिचराला. सांगाडा बांधताना लोखंडी तार कधीही वापरू नये. गंज हाडात उतरतो.

कलम ५. शाळेच्या हेडक्लार्कसाहेबांना एक अख्खा, न कापलेला पेपर. मुलाने तो स्टॉलवरून घेऊन त्यांच्या घरी नेऊन द्यावा. ऑफिसचा पेपर मी सकाळी सगळ्यांच्या आधी कापत असे, त्यामुळे तो त्यांच्या टेबलावर भोके पडून जाई. आजाराच्या बातमीच्या मागल्या बाजूला नेमके शब्दकोडे असे. त्यांनी माझ्याविरुद्ध नऊ लेखी तक्रारी केल्या. नवव्या तक्रारीत 'सदर इसमाने आडवे चौदा ते उभे एकवीस कापून नेले' असे लिहिले होते. तक्रारी खऱ्या होत्या. आता त्यांनी कोडे निवांत सोडवावे.

कलम ६. बातम्यांची कात्रणे, एकूण त्रेचाळीस फायली, लोखंडी कपाटासह. मुलाने याला एकदा 'रद्दी' म्हटले होते, म्हणून स्पष्ट लिहितो की ही रद्दी नाही. पुन्हा लिहितो, रद्दी नाही. ही काय आहे ते समजायला तास कसा सुरू झाला ते सांगावे लागेल.

माझे काम खोली झाडणे, सांगाडा पुसणे, आणि प्लास्टिकच्या धडातले अवयव मुलींनी काढले की परत जागच्या जागी बसवणे. पेपरात आजाराची बातमी वाचली की तो आजार मला झालाच. एका गुरुवारी स्वादुपिंडाला सूज येऊन कोणी दगावल्याचे वाचले आणि माझ्या पोटात दुखायला लागले. पण स्वादुपिंड असते कुठे? जेवणाच्या सुट्टीत धडाचे पोट उघडले, आतडी टेबलावर काढली, जठर उचलले, तेव्हा ते मागे दडून बसलेले सापडले. माझे दुखत होते ते खाली, भलतीकडेच. हायसे वाटले. वळून बघतो तर दारात तीन मुली. नापास होऊन परत बसलेल्या. एकीने विचारले, "काका, काय शोधताय?" मी म्हणालो, "माझं स्वादुपिंड." त्या हसून हसून बाकावर बसल्या. पण परीक्षेत तिघींनीही बरोबर सांगितले. पुढच्या गुरुवारी तिघींच्या नऊ झाल्या.

शिकवायचे म्हणजे मला एवढेच येत होते. बातमी मोठ्याने वाचायची. मग प्रत्येकीने हे कुठे झाले असेल तिथे स्वतःच्या अंगावर हात ठेवायचा. हात चुकीच्या जागी असला तरी चालेल, पण ठेवायचाच. मग धड उघडून बघायचे. मग विचारायचे की हे बंद पडले तर पुढे काय काय अडेल, आणि पेशंटला काय जाणवेल. उत्तर मला येत नसे. त्यांनी पुस्तकात शोधून मला सांगायचे, आणि मला कळेपर्यंत सांगायचे. मला कळले म्हणजे कोणालाही कळेल. ज्या बातम्या पुढे खोट्या ठरल्या, अमुक पाल्याने तमुक बरे झाले वगैरे, त्या मी लाल फायलीत वेगळ्या ठेवल्या आहेत. त्या फेकू नयेत. सगळ्यात जास्त शिकणे त्यांच्यात आहे.

आता माझी चूक. ती मी आजवर कुठेही लिहून दिलेली नाही, इथे देतो. सांगाड्याची तार बदलताना मी दोन्ही कॉलरबोन उलटी बसवली. डावे उजवीकडे, उजवे डावीकडे, आणि वरची बाजू खाली. वळण बरोबर दिसत होते म्हणून सहा वर्षे कोणालाही कळले नाही, आमच्या विभागप्रमुखांनाही नाही. त्यांना आम्ही मोठे सर म्हणत असू.

मग एक मुलगी आली. तिला सगळ्या गोष्टींत शंका, म्हणून मैत्रिणी तिला 'शंका'च म्हणत. त्या गुरुवारी बातमी होती सायकलच्या शर्यतीत पडलेल्या खेळाडूची. कॉलरबोन मोडले आणि वरून धातूची पट्टी बसवली. सगळ्यांनी आपापल्या हाडावर बोट ठेवले. ही मात्र एक बोट स्वतःच्या हाडावर आणि एक सांगाड्याच्या हाडावर फिरवत राहिली. मग म्हणाली, "काका, माझं वरून गुळगुळीत लागतंय. याचं खरखरीत का?"

मी म्हणालो, झिजले असेल. तिला पटले नाही. ती मोठ्या सरांकडे गेली.

सरांनी मला सगळ्यांसमोर विचारले, "हाडं पुसायला ठेवलं होतं तुला. शिकवायला कोणी सांगितलं?" तास बंद. माझी बदली तळमजल्यावर चादरींच्या कोठारात. अकरा आठवडे मी चादरी मोजल्या आणि रोज त्या मुलीच्या नावाने बोटे मोडली. अकरा आठवड्यांनी सर स्वतः खाली आले, म्हणाले गुरुवारी खोली उघड, आणि गेले. मला वाटले सरांनी मोठ्या मनाने माफ केले.

माझ्या हातून बिघडलेल्या त्या सहा वर्षांतल्या सगळ्या मुलींना, आता त्या जिथे कुठे नोकरीला असतील तिथे, माझे सांगणे आहे. आपल्या कॉलरबोनवर वरून बोट फिरवावे. गुळगुळीत लागेल. तेच खरे आहे.

कलम ७. बातमीच्या तासाचा वारस. शंका शिकली, नर्स झाली, आणि पुढे आमच्याच शाळेत शिक्षिका म्हणून आली. इतकी वर्षे एका इमारतीत राहून मी तिच्याशी खोलीच्या किल्ल्या देण्याघेण्यापलीकडे बोललो नाही. गेल्या महिन्यात तिची एक जुनी वर्गमैत्रीण मला दवाखान्यात भेटली. बोलता बोलता म्हणाली, "काका, त्या अकरा आठवड्यांत तास एकदाही चुकला नाही, तुम्हाला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हते. खोलीला कुलूप होते, म्हणून त्या पाणी प्यायच्या टाकीपाशी, पॅसेजमध्ये जमत. पेपर शंका कापून आणी. अकराव्या गुरुवारी बातमी होती मूत्रपिंड बसवलेल्या बाईची, 'पोटात तीन मूत्रपिंडे' अशा मथळ्याची. नवे कुठे बसवतात ते शंकाने खडूने स्वतःच्या एप्रनवर काढले, पुढून, खाली, कमरेच्या हाडाच्या आत. मागून मोठे सर आले. विचारले, जुनी दोन काढत नाहीत हे पुस्तकात कुठे दिले आहे? ती म्हणाली, "पुस्तकात नाही सर. बातमी वाचली म्हणून विचारावंसं वाटलं. काकांच्या तासाला असंच असतं." सर म्हणाले, काकांनी हाड उलटे लावले होते. त्यावर ती म्हणाली, "हो. आणि ते ओळखायला त्यांनीच शिकवलं."

त्यानंतर सर तळमजल्यावर आले होते. हे मला अठरा वर्षांनी कळले. दवाखान्याच्या बाकावर मी रडलो, हे पत्नीला सांगितलेले नाही. आता तिने वाचले असेल.

दुसऱ्या दिवशी मी शंकाकडे गेलो आणि तास घेशील का असे विचारले. ती म्हणाली, "घेईन. पण काका, तुम्ही बातमी वाचून खरंच घाबरायचात, म्हणून आमच्या डोक्यात बसायचं. मला भीती वाटत नाही. मग कसं व्हायचं?"

मी म्हणालो, "तुला पटत नाही ना कशातलं काही? तेवढं पुरेल."

म्हणून बातमीचा तास, त्रेचाळीस फायली, लोखंडी कपाट व पेपर कापायच्या तिन्ही कात्र्या तिच्या नावे करतो. कोणत्याही सरांनी, बाईंनी किंवा क्लार्कने हरकत घेतल्यास तिने ती तासाला वाचून दाखवावी.

कलम ८. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला. अर्ज भरून दिला आहे. मुलगी दोन दिवस जेवली नाही, मग तिनेच अर्जावर सही केली. पत्नी म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांची हाडं पुसलीत, तुमची कोण पुसणार?" त्यांच्याकडे त्या कामाला पगारी माणूस असतो, असे मी तिला समजावले आहे.

कलम ९. येत्या गुरुवारच्या, म्हणजे तेरा तारखेच्या तासाची बातमी मी आहे. सोमवारी माझे काहीही होवो, तास दोन वाजता व्हावा. सुरुवात शंकाने अशी करावी: पुरुष, वय चौऱ्याहत्तर, जिना चढताना धाप. मला काका म्हणू नये, पेशंट म्हणावे. मुलींनी मांडीच्या सांध्यापाशी बोटे ठेवून नाडी शोधावी. नळी तिथून आत जाणार. तिथून वर, पोटातल्या मोठ्या धमनीतून, छातीत, आणि छत्रीच्या मुठीसारख्या वळणावरून खाली उतरून हृदयाच्या दारात. हा रस्ता मी इतक्या वेळा शिकवला आहे की टेबलावर मला भूल दिली नाही तर मीच डॉक्टरांना वळणे सांगीन. परवा ते मला समजावायला बसले तेव्हा मी त्यांच्या आधी बोट ठेवले. ते म्हणाले, "हे कुठं शिकलात?" सहावी पास माणसाला आयुष्यात हा प्रश्न एकदाच विचारला जातो. मी म्हणालो, शिकवतो.

पेशंट जगला असेल तर धाप का लागत होती आणि आता का लागत नाही, हे विचारावे. दगावला असेल तर कुठे अडले ते शोधावे, आणि उत्तर मिळेपर्यंत कोणीही डोळे पुसत बसू नये. दोन्हीपैकी कोणत्याही बाजूने तास पूर्ण भरतो. मी दोन्ही बाजूंनी तयारी करून कागद कपाटाच्या पहिल्या कप्प्यात ठेवला आहे.

साक्षीदाराला मृत्युपत्रात काही मिळालेले चालत नाही, म्हणून शंकाची सही घेतलेली नाही. मोठे सर आता ऐंशीचे आहेत. साक्षीदार व्हाल का असे विचारायला मी इथपर्यंतचा कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी कलम सहा दोनदा वाचले आणि म्हणाले, "माझ्याबद्दल कमीच लिहिलंयस." मग पेन मागितले.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. काही राहिले असेल अशी काळजी आहेच, पण पान संपले.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

सही: लिहून ठेवणार, हाडवाले काका

साक्षीदार १: डॉक्टर. पेशंटने माझ्यासमोर सही केली. नाडी जलद, कारण आनंद.

साक्षीदार २: निवृत्त विभागप्रमुख, शरीररचना. सही माझ्यासमोर झाली. गुरुवारी दोन वाजता मी तासाला बसणार आहे. विद्यार्थी म्हणून.