परहेज नक्को

रविवार, ११ डिसेंबर १९५५. ठाणाकुशनूर

वही, काल काय सांगितलं होतं तुला? न्हाई ना आठवत? शंभर पानं पोटात घेऊन बसलीस आणि एकावरही अक्षर न्हाई! माझ्यापेक्षा अडाणी निघालीस. काल तू दुकानात होतीस म्हणून सोडते. आजपासून विसरायचं न्हाई.

मी बोलते, नात कला लिहिते. सातवी शिकलीय. मधी आपलं शहाणपण घालायचं न्हाई, असं ठरलंय. (हे पण लिहायलीस? लिही!)

माझ्या डाव्या गालात आतून गाठ आहे. बोराएवढी होती, आता सुपारीएवढी. तिचं नाव क्यान्सर, असं हैदराबादच्या डाक्टरानं परवा सांगितलं. कला म्हणते, 'कॅन्सर' असं लिहितात. लिही तसं. गाठ थोडीच वाचणार आहे!

आधी शिवय्या वैद्याचं पथ्य चालू होतं. मीठ बंद, तूर बंद, गूळ बंद, दूध बंद. राहिलं काय? वारा! त्यानं अंगावर हाडं तेवढी ठेवली.

मंगळवार, १३ डिसेंबर

घरात काहीतरी शिजायलंय, आणि ते चुलीवर न्हाई.

रामकिशन, माझा ल्योक, माझ्याकडं बघतो आणि गोठ्यात जातो. म्हैस गाभण आहे म्हणतो. गाभण म्हशीला इतक्यांदा भेटायला कोण जातं? सून राजूबाई तर न मागता शेंगापोळी घेऊन आली, वर तूप. कालपरवापर्यंत मिठाचा खडा मागितला तरी डोळे वटारायची! "खावा आत्याबाई. मनाला येईल ते खावा." आवाज नाकातून.

दुधात कुस्करून सगळी खाल्ली. कारण नंतर शोधू.

गुरुवार, १५ डिसेंबर

कारण सापडलं. कलाला चिमटा काढला, तिनं सगळं सांगून टाकलं.

मला खोलीबाहेर बसवून डाक्टर रामकिशनला म्हणाला, "अम्माँ कू जो दिल बोले सो खिलाओ. परहेज नक्को."

तुला हे कळायचं न्हाई, वही, तू परवा जन्मलीस. कलाचा आजा अंथरुणाला होता तेव्हा बीदरच्या हकिमानं हेच शब्द काढले होते. परहेज म्हणजे पथ्य. हकिमानं पथ्य उठवलं की माणूस हातचं गेलं, असं आमच्यात समजायचं असतं. आम्ही समजलो. त्यांना खरवस पाहिजे होता. मी वाटी घेऊन येईपर्यंत ते गेले. ती वाटी कुणीच खाल्ली न्हाई.

नाक पूस, कला. शाई फुटली बघ.

सोमवार, १९ डिसेंबर

जायचंच आहे तर उपाशी कामून जाऊ? सकाळी दुधात ज्वारीच्या कण्या. दुपारी मुगाचं वरण, त्यात भाकरी भिजवून. संध्याकाळी केळं. सगळं उजव्या गालानं. डावा गाल पाहुण्यासारखा बसून असतो.

शेजारचा चनमल्लप्पा रोज दारातून विचारतो, "ऊटा आत, अक्का?" जेवण झालं का, एवढंच, कानडीत. हल्ली विचारतो आणि डोळे पुसतो. मी म्हणते, "आत! कानडीत आत, मराठीतही आत!" तो हसतो आणि परत रडतो. मेल्याला एक काहीतरी धड करता येईना.

शनिवार, ३१ डिसेंबर

चोळीची बाही दंडात रुतायलीय! मरणाऱ्या बाईची चोळी सैल व्हायला पाहिजे. माझंच काहीतरी चुकायलंय.

बुधवार, ४ जानेवारी १९५६

लोकं भेटायला येतात, पदराखाली डबा. 'शेवटचं' असं कुणी म्हणत न्हाई, पण लाडूत तूप तसंच घातलेलं असतं. चनमल्लप्पा म्हणाला, आपला मुलूख म्हैसूरच्या राज्यात जायलाय म्हणे. म्हटलं, मुलखाला जाऊ दे आधी. मी मागून येते.

गुरुवार, १२ जानेवारी. येळवस

येळवस म्हणजे आमचा शेतातला अमावस्येचा सण, वही. सगळे शेतात. कडब्याची खोप, आत पांडवांची पूजा. भज्जी, उंडे, आंबील. रामकिशननं पहिलं पान मला वाढलं आणि तोंड फिरवलं. ह्या येळवसेला माय आहे, पुढच्या येळवसेला न्हाई. पाठीवरून कळत होतं.

मी विचारलं, "डाक्टरानं परत कधी बोलावलंय?"

"येळवस झाली की आणा म्हणाला. तसं म्हणतातच ते, माय. कामून तुझे हाल करायचे?"

"मग त्यानं मला काट्यावर उभं करून तोललं कामून?"

रामकिशन खोपीचा कडबा उपसायला लागला.

"बाजारात माल तोलतात तो घ्यायचा असतो म्हणून. टाकायचा माल कोण तोलतंय? आणि माझी मिश्रीची डबी तुझ्यासमोर खिडकीतून फेकली त्यानं! मरणाऱ्या बाईची मिश्री कोण काढून घेतं, रामकिशन?"

चनमल्लप्पा आंबिलीचा तांब्या हातात धरून म्हणाला, "व्हय की! ह्याचा इचारच न्हाई केला आपण."

"मरायचं असलं तर त्याच्या तोंडून ऐकून मरीन. सोमवारी गाडी जुंप."

मग दोन वाट्या आंबील प्यायले. गालात आग आग झाली. कुणाला सांगितलं न्हाई. तुला सांगितलं.

शुक्रवार, १३ जानेवारी

भ्या वाटायलंय. एकदाच लिही, कला. परत म्हणणार न्हाई.

मंगळवार, १७ जानेवारी. हैदराबाद

दवाखान्याच्या बाकड्यावर. मोटार, आगगाडी, टांगा, सगळ्यांनी हाडं खिळखिळी केली. रामकिशन पागोटं काढतो, घालतो, काढतो. कलाच्या हाताला लिहायचं काम तरी आहे. माझं नाव पुकारलं—

बुधवार, १८ जानेवारी

डाक्टरानं तोललं आणि टाळी वाजवली! अंगात ताकद नव्हती म्हणून खायला सांगितलं होतं. आता गाठीला लाईट देणार, म्हणजे मशीनचे किरण, महिनाभर. बरी होईन का, ते देवाला विचारा म्हणतो, पण गाठ अजून हाताबाहेर गेली न्हाई म्हणतो.

रामकिशननं बारीक आवाजात विचारलं, "और... परहेज?"

"हौ, अब परहेज! मिर्ची नक्को, खट्टा नक्को, गरम नक्को."

माझा घोड्याएवढा ल्योक तिथंच हुंदके देऊन रडायला लागला. डाक्टर मला विचारतो, "मिर्ची इत्ती पसंद है क्या इन कू?"

कला, एवढं वेगळ्या कागदावरही उतरव, तुझा बाप गावाकडं जायलाय. राजूबाई, ज्वारीच्या कण्या पाठव, मुगाची डाळ, घरचं तूप. मिरचीचा वास लागलेली पिशवी नको, मला परहेज आहे! आणि म्हैस व्याली की खरवस पाठव. गार करून. वाटी रिकामी परत येईल.