प्रमाण तुकडा क्रमांक एक

३ मार्च, सकाळी साडेसात

लेकीला एप्रिलअखेर बाळ होणार. तिच्या लहानपणच्या फ्रॉकांची गोधडी शिवून पाठवायची, असं आमच्या हिने ठरवलंय. चांगलं आहे. पण हिची मापाची पद्धत आज जवळून पाहिली आणि चहा घशाखाली उतरेना. जुन्या चादरीवर चाचणी चालली होती. बिस्किटांच्या खोक्याचा एक चौकोनी पुठ्ठा कापडावर ठेवायचा, खडूने रेघ ओढायची, कात्री चालवायची. झालं. मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली, आणि माझ्याच घरात माप म्हणून बिस्किटांचा पुठ्ठा!

गोधडी मी हाती घेत असल्याचं जाहीर केलं. ही नुसतं बरं म्हणाली. इतक्या लवकर माझं कुठल्याच दुकानदाराने ऐकलं नव्हतं.

३ मार्च, दुपार

हिने आतून कापडांचं गाठोडं आणून दिलं. आणायला बराच वेळ लावला, पण ते असो. गाठोडं सोडलं आणि गळा दाटून आला. फुलाफुलांचं पिवळं, शाळेच्या पहिल्या दिवसाचं. निळ्यावर पांढरे ठिपके, बक्षीस मिळालं तेव्हाचं. लाल पट्ट्यांचं, सायकलवरून पडली तेव्हाचं. मीच धावत गेलो होतो. हिला एकेक सांगितलं. तुम्हाला बरं आठवतं, म्हणाली आणि कुकर बघायला गेली. कुकर लावलेला नव्हता.

नोकरी फिरतीची. लेकीसाठी हाताने केलेली वस्तू म्हणाल तर एकही नाही. ही पहिली. चूक चालणार नाही, कारण हे कापड पुन्हा मिळणारं नाही.

४ मार्च

साधनं जमवली. कापायची चटई, गोल पात्याचा कटर, खडू. निरोप समारंभात मिळालेली स्टीलची पट्टी भिंतीवरच्या चौकटीतून काढली. हिने सुचवलं, कापड आधी धुऊन घ्या, आटेल. म्हटलं, आधीच वीस वर्षं धुतलेलं आहे, आता काय आटणार? यावर ही हसली. का हसली, कळलं नाही.

आराखडा: गोधडी तीस बाय चाळीस इंच. एका ओळीत सहा चौकोन, अशा आठ ओळी. चौकोन पाच इंचांचा, शिवणीत जाणारी माया सगळीकडून पाव इंच, म्हणजे कापायचा साडेपाच. एकूण अठ्ठेचाळीस. सोपं आहे. बायका उगाच बाऊ करतात.

६ मार्च

एक तुकडा कापला. चार तास. चारही बाजू साडेपाच, कर्ण समान. खाली दुकान असलेल्या टेलरमास्तरांना साक्षीला वर बोलावलं. त्यांनी तुकडा उलटासुलटा केला. छान, म्हणाले, बाकीचे? मग पिवळ्या कापडाकडे बघत राहिले. हे कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतं म्हणाले. वाटणारच. तोच फ्रॉक घालून लेक त्यांच्या दुकानासमोर खेळली असेल.

या तुकड्याला 'प्रमाण तुकडा क्रमांक एक' असं नाव दिलं. तारीख घालून पाकिटात ठेवला, पाकीट लाखेने सील केलं. मूळ प्रमाण रोजच्या वापरात आणायचं नसतं, ते तिजोरीत राहतं. ही खात्याची शिस्त. सील करण्यापूर्वी त्यावरून फक्त एक तुकडा आखून कापून घेतला.

८ मार्च

वेग बघून स्वतःच थक्क झालो. प्रत्येक तुकडा पट्टीने मोजत बसलो तर हात चुकतो, डोळा चुकतो. त्यापेक्षा आत्ताच कापलेला तुकडा पुढच्या कापडावर ठेवायचा, कडेने खडू फिरवायचा, रेघेबाहेरून कापायचं. मग त्यावरून पुढचा. जुना झिजायला नको म्हणून दर वेळी ताजा. दोन दिवसांत अठ्ठेचाळीस! ही दोन महिने घेते.

दुपारी डोळ्यांना विश्रांती देत पडलो असता आतल्या खोलीतून मशीनचा आवाज. उशांचे अभ्रे शिवतेय म्हणे. आपल्याकडे उशा चार.

११ मार्च

शिवण सुरू केली. पहिली ओळ एकतीस इंच. अर्धा इंच इकडेतिकडे, कापडात जीव असतो. आठवी ओळ एकोणचाळीस.

पुन्हा मोजली. एकोणचाळीसला किंचित कमी. दोन्ही ओळींत फरक आठ इंचांना एक सूत कमी, म्हणजे एका इंचाचा आठवा भाग कमी. फरकसुद्धा किती अचूक मोजला, याचं समाधान आहे.

आठही ओळी एकाखाली एक मांडल्या. गोधडी वर अरुंद, खाली रुंद. ही दारात उभी राहून म्हणाली, बाळाला झगा शिवताय का?

कारणं: १) हवेतला दमटपणा. २) मशीन. ३) मशीन हिचं आहे.

१२ मार्च

मास्तर आले. ओळी पाहून म्हणाले, साहेब, शेवटचा तुकडा पहिल्या तुकड्यावर ठेवून बघा. म्हटलं, पहिला सीलबंद आहे. मग सील फोडा, म्हणाले. मी त्यांना नियम समजावून सांगितला. पालथ्या घड्यावर पाणी. जाताना हिच्याशी दारात काहीतरी कुजबुजले आणि दोघं हसली. हात शिवायला शिकले म्हणून डोकं चालतंच असं नाही.

१५ मार्च

निर्णय: सगळ्या ओळी उसवायच्या आणि मोठे तुकडे छाटून एकसारखे करायचे. उसवताना सात फाटले. पट्टी दाबून धरली होती, पण कटर फिरवताना ती सरकली, नऊ तुकडे तिरके गेले. शिवाय बोटाला पट्टी. (ही दुसरी, कापसाची.)

उरलेल्यांना इस्त्री केली. ही म्हणाली, इस्त्री ठेवा आणि उचला, पुढंमागं घासू नका, उरेब कापड ताणतं. उरेब म्हणजे तिरकं. म्हटलं, एकतीस वर्षं स्वतःच्या शर्टाला स्वतः इस्त्री केलीय. एकतीस वर्षं तुमच्या शर्टाच्या कॉलरी बघतेय मी, म्हणाली.

तुकड्यांच्या कडा पापडासारख्या झाल्या. वाफेने लाल पट्टे पावपाव इंच आटले आणि शेजारच्या पांढऱ्या ठिपक्यांना गुलाबी करून गेले.

सुधारित आराखडा: वीस बाय वीस. बाळं जन्मतः लहानच असतात.

२१ मार्च

चार चौकोनांचे कोपरे एका टिंबावर मिळायला हवेत. माझे दोन मिळतात, तिसरा जवळपास येतो, चौथ्याला आमचा प्रस्तावच मान्य नाही. ही म्हणाली, एका ओळीची माया डावीकडे दुमडा, खालच्या ओळीची उजवीकडे, मग त्या एकमेकींत अडकतात. करून बघितलं. अडकल्या. हिला सांगितलं नाही. उगाच सवय लागते.

सुधारित आराखडा: पंधरा बाय पंधरा.

२४ मार्च

लेकीचा फोन. गोधडीबद्दल मुद्दाम फारसं बोललो नाही. फक्त सुरुवातीची कल्पना, मापनशास्त्र, प्रमाण तुकडा आणि आतापर्यंतची प्रगती एवढंच. पंचवीस मिनिटं. पिवळ्या फुलांच्या फ्रॉकचा विषय निघाला. लेक म्हणाली, बाबा, मला पिवळा रंग कधी आवडलाच नाही. आईने एकदा घेतला होता, तो मी परत करायला लावला. म्हटलं, या दिवसांत विसरायला होतं.  मग आईला फोन द्या, म्हणाली.

२८ मार्च, सकाळ

ही भाजी आणायला गेली असताना सील फोडलं. प्रमाण तुकडा टेबलावर ठेवला. त्याच्यावर अठ्ठेचाळिसावा ठेवला, शेवटची ओळ उसवताना फाटली तेव्हा तो बाजूला पडून छाटणीतून बचावला होता. प्रमाण तुकडा दिसेना, इतका खाली झाकला गेला.

साडेपाच. सात. दीड इंच. दर तुकड्यामागे खडूच्या रेघेची जाडी, पाव सूत. पाव सूत कोणाला दिसतं? अठ्ठेचाळीस वेळा जमलं की मात्र आंधळ्यालाही दिसतं.

एक म्हातारा किराणावाला आठवला. त्याचं सरकारी शिक्क्याचं वजन हरवलं होतं. त्याने तराजूत वाटाणे ओतून शेजारच्या दुकानाच्या वजनावरून आपलं वजन जुळवलं, त्यावरून तिसरं, तिसऱ्यावरून चौथं. त्या म्हाताऱ्याला मी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं होतं. मापावरून माप काढायचं नसतं, मूळ प्रमाणावरून काढायचं, एवढी अक्कल नाही? त्याने हात जोडले होते.

पुठ्ठा. ही अठ्ठेचाळीस तुकडे एकाच पुठ्ठ्यावरून कापते.

हे कोणालाही सांगायचं नाही.

२८ मार्च, दुपार

पाकीट पुन्हा सील केलं.

६ एप्रिल

जमेल ते जमेल तिथं जोडून, उरल्या धड तुकड्यांची एक पिशवी शिवायची ठरवली. गोधडीऐवजी पिशवी हा विचारपूर्वक बदल आहे, माघार नव्हे. बाळाच्या सामानाला पिशवी लागतेच. हिला सांगितलं. बरं झालं, म्हणाली, गोधडी घालून पाठवायला पिशवी हवीच होती.

कुठली गोधडी?

आतून घेऊन आली. पलंगावर पसरली. तीस बाय चाळीस. मी गुडघे टेकून कोपरे बघितले. आठ ओळी, सहा चौकोन, प्रत्येक कोपरा टिंबावर. पट्टी आणायला उठलो आणि न आणताच बसलो.

माझं गाठोडं मास्तरांच्या दुकानातल्या कटपिसांचं होतं. तालमीसाठी दिलं होतं, म्हणाली. फ्रॉकचं कापड एवढंच उरलंय, ते तुमच्या हातात कसं देणार? रागावली नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं असंसुद्धा म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

मग बोट ठेवून दाखवत गेली. हा हिरव्या पानांचा शाळेच्या पहिल्या दिवशीचा. तुम्ही तपासणीला गेला होता. हा राखाडी, सायकलवरून पडली तेव्हाचा, इथे रक्ताचा डाग होता, तो वगळून कापलाय. तुम्ही तपासणीला. हा किरमिजी चौकड्यांचा बक्षिसाचा. तपासणीला.

अठ्ठेचाळीस तुकडे. मी एकही ओळखला नाही. मास्तरांच्या कटपिसांवर मात्र माझा गळा दाटून आला होता. फार वाईट वाटलं. दुसरं काही लिहायचं सुचत नाही.

१४ एप्रिल

पिशवी पूर्ण. बाहेरून माप बरोबर. आतली माया धरायची राहिली. गोधडी घडी घालून तोंडाशी अडते, दीड इंच कमी.

दीडच का, हे मला माहीत आहे: तीन शिवणी, प्रत्येकीत अर्धा इंच माया.

हिने गोधडी सुतळीने बांधली आणि माझी पिशवी घडी करून तिच्या पोटात ठेवली. म्हटलं, राहू दे, नको पाठवू. ती म्हणाली, राहू द्या की.

३ मे

गेल्या आठवड्यात मुलगी झाली. दोघीही बऱ्या आहेत.

पार्सल परवा पोचलं. लेकीचा फोन आला. गोधडी बघून रडली, म्हणाली, एकेक फ्रॉक आठवला. मग विचारलं, आत ते वाकडंतिकडं, दोन बाजू शिवलेलं काय आहे? ही म्हणाली, बाबांना विचार आणि फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, बाळाचा लंगोट बदलताना खाली घालायला, मुद्दाम त्याच मापाचं केलंय. आज पुन्हा फोन करून म्हणाली, बाबा, अगदी बरोबर बसतं हो. दिवसातून आठदा भिजतं आणि लगेच वाळतं.

एकतीस वर्षं आणि दोन महिने. अखेर एक माप बरोबर बसलं.

संध्याकाळी स्टीलची पट्टी चौकटीत परत लावली. लावण्यापूर्वी हिच्या शिवणाच्या डब्यातला बिस्किटांचा पुठ्ठा त्याच पट्टीने मोजला. साडेपाच, साडेपाच, साडेपाच, साडेपाच. कर्ण समान.

डब्याच्या तळाशी हिरव्या पानांची एक कात्रण उरलं होतं, दोन बोटं रुंद. ते मागितलं. पाकिटातून प्रमाण तुकडा काढून फडक्यांत टाकला आणि कात्रण आत ठेवलं. सील केलं नाही. हिने विचारलं, कशाला ठेवताय?

म्हटलं, ओळखता यावा म्हणून.